चालतां चालतां बंद पडणारी मोटारसायकल : दोष ओळखण्याची रीत

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या दारापुढें पूर्वीं बंडी किंवा दमणी उभी असे. आज बहुतेक ठिकाणीं तेथें मोटारसायकल उभी दिसते. खताची पिशवी आणावयाची असो, पऱ्ह्यांवर फवारावयाचें औषध आणावयाचें असो, तहसिलींत तारीख असो, अगर घरांतील आजारी माणसास दवाखान्यांत न्यावयाचें असो, या वाहनावांचून आपलें पाऊल पुढें पडत नाहीं. असें असूनहि, बैलाचें दुखणें ओळखण्याची जी दृष्टि आपल्यापाशीं आहे, ती आपण या लोखंडी बैलाविषयीं वापरीत नाहीं. बैल चालतां चालतां बसला, तर आपण त्यास लगेच बाजाराचा रस्ता दाखवीत नाहीं. तो रवंथ करतो कीं नाहीं, नाकपुडी ओली आहे कीं कोरडी, शेण कसें पडलें, खूर दुखावला आहे काय, हें क्रमानें पाहतों. मोटारसायकल वाटेंत बंद पडली म्हणजे मात्र किक मारमारून घामाघूम होतों, आणि मग ती ढकलीत नेऊन मिस्त्रीच्या स्वाधीन करतों. पुढें तो काय बदलील आणि किती पैसे मागेल, तें त्याच्या मर्जीवर!

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा पंडित नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत त्याचें वय गेलें. परंतु चौकशी कशी करावी, साक्ष कोणती खरी मानावी, आणि पंचनामा कोठें व्हावा, एवढें त्या नोकरीनें शिकविलें. आणि यंत्राच्या दोषासहि तीच रीत लागू पडते, हें पुढें अनुभवानें कळलें. तो अनुभव प्रथम सांगतों.

एका संध्याकाळची गोष्ट

मार्गशीर्षाचे दिवस होते. धान कापून बांध्यांत पुंजणीं रचलीं होतीं. माझी शंभर सी. सी.ची, कार्बोरेटरची जुनी गाडी महिनाभर वाटेंत मधूनमधून बंद पडत होती. थोडें थांबलें कीं पुन्हां चालू होई. एका दुरुस्तीच्या दुकानांत ती तीन वेळां नेली. पहिल्या खेपेस प्लग बदलला, दुसऱ्या खेपेस कॉइल, आणि तिसऱ्या खेपेस कार्बोरेटरच नवा घातला. साडेतीन हजार रुपये गेले. दुकानाभोंवतीं फेरी मारून पाहिली कीं गाडी निमूटपणें चाले. घराकडे निघालें कीं पुन्हां तेंच.

त्या दिवशीं मूल येथें टाकी पूर्ण भरून मी व माझें कुटुंब चंद्रपुराकडे निघालों. गाडी पहिल्यांदा चार-पांच मैलांच्या आंतच थांबली. कांहीं वेळानें चालू झाली. चिचपल्ली मागें टाकल्यावर पुन्हां तिनें दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. सूर्य मावळला होता. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस रान आहे, आणि आपल्या भागांत रान म्हटलें म्हणजे वाघाची वस्ती आलीच. मी किक मारीत होतों, आणि कुटुंब न बोलतां रानाकडे पाहत उभें होतें. तो पाव तास मला अजून आठवतो.

इतक्यांत राज्य परिवहनाची बस आली. चालकानें आम्हांस पाहून बस थांबविली, दिवे आमच्यावर ठेविले व खिडकींतून विचारलें, "काकाजी, काय झालं?" मीं सांगितलें. तो म्हणाला, "टाकीचं झाकण एकदा उघडून पहा बरं." झांकण उघडतांच 'सुस्स' असा आवाज होऊन हवा आंत शिरली. झांकण सैल ठेवून किक मारली. गाडी चालू झाली. "तुम्ही मिस्त्रीचं काम करत होता काय, भाऊ?" असें मीं विचारलें. "नाही जी," तो हंसून म्हणाला, "आमच्या बाबांच्या ऑइल इंजिनाला हाच रोग होता." आम्ही पुढें निघेपर्यंत ती बस जागची हलली नाहीं.

घरीं येऊन झांकण पाहिलें. त्यांत हवा आंत येण्यासाठीं बारीक भोंक असतें, तें धानाच्या भुशाची धूळ व तेलकट मळ यांनीं बुजलें होतें. गाडी गोठ्यांत भुशाच्या ढिगाशेजारीं उभी राहत असे, त्याचें हें फळ. बारीक तार व चमचाभर पेट्रोल यांनीं भोंक मोकळें केलें. खर्च कांहीं नाहीं. त्यानंतर ती गाडी या कारणानें पुन्हां कधीं थांबली नाहीं.

झांकणाचें भोंक आणि तेलाचा डबा

गोड्या तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडून तो उपडा केला, तर तेल गुडगुड करीत, थांबत थांबत येतें. समोरच्या कोपऱ्यास दुसरें भोंक पाडलें कीं धार अखंड चालते. कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घेण्यास हवा आंत येते. टाकीचें भोंक म्हणजे डब्याचें हें दुसरें भोंक होय. तें बुजलें म्हणजे पेट्रोल खर्च होईल तसतशी आंतील हवा विरळ होते, धार मंदावते, आणि इंजिन उपाशीं पडून थांबतें. थांबल्यावर इकडून तिकडून थोडी हवा आंत झिरपते, पुन्हां पेट्रोल उतरतें, आणि गाडी चालू होते.

यांत एक बारकावा आहे, तो लक्षांत घेण्यासारखा आहे. टाकी काठोकाठ भरलेली असतां वरची मोकळी जागा थोडी असते. म्हणून थोडें पेट्रोल गेलें तरी तेथील हवा लौकर विरळ होते. टाकी अर्धी असतां जागा मोठी असल्यामुळें वेळ लागतो. म्हणजे पेट्रोल भरल्यावर गाडी अधिक लौकर बंद पडत असेल, तर संशय प्रथम झांकणावर घ्यावा. ही साक्ष माझ्यापुढें महिनाभर उभी होती. मीं ती नोंदली नाहीं, आणि दुकानदारानें विचारली नाहीं. त्याच्या दुकानाभोंवतींची फेरी अर्ध्या मैलाची. तेवढ्यांत रोग दिसणारच नाहीं. ज्या खटल्याचा पंचनामा जागेवर झाला नाहीं, त्याचा निकाल अंदाजानेंच लागावयाचा.

इंजिनास काय लागतें

पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी जर्मनींत डाइमलर व मायबाख यांनीं १८८५ सालीं बनविली. तेव्हांपासून आजपर्यंत इंजिनाच्या मुख्य गरजा त्याच आहेत : योग्य प्रमाणांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण, तें मिश्रण दाबून धरणारा घट्ट सिलिंडर, आणि योग्य क्षणीं पडणारी ठिणगी. एक भार पेट्रोल नीट जळण्यास सुमारें पंधरा भार हवा लागते. चार फेऱ्यांच्या इंजिनांत दर दोन वेढ्यांस एक स्फोट होतो. म्हणजे मिनिटास सहा हजार वेढे होत असतां सेकंदास पन्नास स्फोट होतात. या तिहींपैकीं एकहि गोष्ट क्षणभर चुकली तर इंजिन आचका देतें, आणि चुकतच राहिली तर थांबतें. म्हणून बंद पडलेल्या गाडीस विचारावयाचे प्रश्न तीनच : ठिणगी आहे काय? पेट्रोल व हवा पोंचतात काय? दाब आहे काय?

बंद पडण्याच्या चार तऱ्हा

गाडी कशी बंद पडली, हीच पहिली साक्ष. ती तेव्हांच नीट ध्यानांत ठेवावी.

(१) फुंकर मारून दिवा विझवावा तशी एकाएकीं, आचका न देतां बंद पडली, तर दोष बहुधा विजेचा समजावा. किल्लीचें कुलूप, लाल बटण, फ्यूज, तुटकी तार, कॉइल यांकडे पाहावें.

(२) दम लागल्यासारखी आचके देत, ओढ कमी होत होत थांबली, तर दोष बहुधा पेट्रोल कमी पोंचण्याचा. अशा वेळीं मूठ अधिक पिळली तर गाडी जास्तच गुदमरते. उलट चोक ओढला तर क्षणभर सुधारते. चोकनें बरें वाटणें ही पेट्रोल कमी असल्याची पक्की खूण होय.

(३) घुसमटून, काळा धूर व पेट्रोलचा उग्र वास सोडीत थांबली, तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. चोक ओढलेलाच राहिला आहे काय, हवेची गाळणी धुळीनें भरली आहे काय, आणि कार्बोरेटरमधील तरंगती पुंगी अडकून पेट्रोल वाहत आहे काय, हें पाहावें.

(४) जड होत, खडखडाट किंवा किरकिर करीत, फार तापून थांबली, तर तेल संपलें असण्याचा संभव आहे. येथें किक मारणें म्हणजे लंगड्या बैलास नांगरास जुंपणें होय. चालतां चालतां असा जडपणा जाणवला तर तत्काळ क्लच दाबावा, म्हणजे मागील चाक जखडून पडण्याची भीति राहत नाहीं. निवल्यावर तेलाची पातळी पाहावी व मिस्त्रीस बोलवावें.

जागेवरील तपासणीचा क्रम

प्रथम गाडी रस्त्याच्या डाव्या अंगास, वळणापासून दूर न्यावी. त्यानंतर पुढील पायऱ्या याच क्रमानें घ्याव्यात. कारण ज्यास पैसा व हत्यार लागत नाहीं तें आधीं, आणि ज्यास लागतें तें मागाहून, हा चौकशीचा सोपा नियम आहे.

*पहिली पायरी : डोळा व हात.* उजव्या मुठीजवळचें लाल बटण चुकून दाबलें गेलें आहे काय? बाजूचें स्टँड खालीं आलें आहे काय? अलीकडील पुष्कळ गाड्यांत स्टँड खालीं असतां इंजिन चालत नाहीं, आणि त्याच्या बटणांत चिखल भरला तर स्टँड वर असूनहि तें तसेंच समजतें. टाकीचा कॉक उघडा आहे काय? कांट्यावर विश्वास न ठेवतां गाडी हलवून पेट्रोलचा आवाज घ्यावा. कॉक 'रिझर्व्ह'वर नेऊन पाहावा. किल्ली आंतबाहेर थोडी हलवावी. हॉर्न वाजतो काय, हेंहि पाहावें. मात्र जुन्या कांहीं गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरीवांचून तयार होते, तेव्हां हॉर्न वाजला नाहीं एवढ्यावरून निकाल देऊं नये.

*दुसरी पायरी : झांकण.* कान जवळ नेऊन टाकीचें झांकण उघडावें. हवा आंत ओढली जाण्याचा आवाज आला, आणि त्यानंतर गाडी चालू होऊन पूर्वींच्या अंतरापेक्षां पुढें गेली, तर दोष सांपडला. आवाज ऐकूं आला नाहीं तरी पुढील खेपेस बंद पडतांच हाच प्रयोग पुन्हां करावा.

*तिसरी पायरी : ठिणगी.* ही परीक्षा गाडी बंद पडतांक्षणींच करावयाची, निवल्यावर नव्हे. मात्र पूर्वीं टाकीचें झांकण घट्ट लावावें, सांडलेलें पेट्रोल पुसावें, आणि जवळ विडी पेटवूं देऊं नये. इंजिन तापलेलें असतें, म्हणून हाताशीं जाड फडकें असावें. प्लग काढून त्याच्या टोपींत बसवावा, त्याचें लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूस घट्ट टेकवावें, प्लगच्या भोंकापासून दूर धरावें, आणि दुसऱ्यानें किक मारावी. टोपीचें रबर कोरडें असावें, नाहीं तर जोराचा झटका बसतो. निळसर, कडकडणारी ठिणगी दिसली तर वीज ठीक. तांबूस व दुबळी दिसली, किंवा दिसलीच नाहीं, तर जवळचा नवा प्लग लावून पाहावें. तापल्यावर फसणारे प्लग पुष्कळ असतात. नव्या प्लगनेंहि ठिणगी नाहीं, आणि अर्ध्या तासानें गाडी निवल्यावर ती परत येते, असें घडलें तर कॉइल किंवा पल्सर यांच्या आंतील बारीक तार तापून सुटते व निवून जुळते, असें समजावें. ठिणगी कधीं आहे व कधीं नाहीं असें असेल, तर इंजिन चालू असतां हँडल पुरें डावीकडे व उजवीकडे वळवावें. तेवढ्यानें इंजिन थांबलें तर हँडलाच्या मानेपाशीं तारांचा जुडगा घासून तुटला आहे. धानाच्या कोठीशेजारीं गाडी ठेवणाऱ्यांनीं उंदरांची आठवण ठेवावी; तार कुरतडण्यास त्यांस एक रात्र पुरते.

काढलेल्या प्लगचा रंगहि साक्ष देतो. विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. पांढरा व कोरडा असेल तर पेट्रोल कमी. काळा व काजळीनें भरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पेट्रोलनें भिजलेला असेल तर पेट्रोल पोंचतें, पण पेटत नाहीं.

*चौथी पायरी : पेट्रोलची धार.* कार्बोरेटरच्या गाडींत कॉक बंद करून कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडावी, तिचें तोंड कांचेच्या बाटलींत धरावें व कॉक उघडावा. धार सारखी चालली पाहिजे. आरंभीं जोराची व मग बारीक होणारी धार झांकण किंवा गाळणी यांचा दोष दाखविते. आरंभापासूनच थेंबथेंब येत असेल तर कॉकची जाळी गाळानें भरली आहे. (कांहीं गाड्यांत इंजिन फिरत असल्यावांचून कॉक उघडतच नाहीं, तेथें ही परीक्षा मिस्त्रीकडून करवावी.) बाटली दोन मिनिटें स्थिर ठेवली तर पाणी असल्यास तें तळाशीं निराळें दिसतें. कार्बोरेटरच्या वाटीखालीं मळी सोडण्याचा स्क्रू असतो. तो सैल करून थोडें पेट्रोल सोडलें कीं तेथील पाणी व गाळ निघून जातो.

*पांचवी पायरी : दाब.* ठिणगीहि आहे, पेट्रोलहि आहे, तरी तापल्यावर गाडी थांबते व निवल्यावर चालू होते, तर प्लगच्या भोंकावर अंगठा घट्ट धरून किक दाबावी; इंजिन फार तापलें असेल तर फडक्याची घडी घ्यावी. हवेनें अंगठा उडविला पाहिजे. तसें न झाल्यास व्हॉल्व्हची फट कमी होऊन, तापल्यावर तो पुरा मिटत नसेल. हें काम मिस्त्रीचें आहे. परंतु "व्हॉल्व्हची फट पाहा," एवढें आपण सांगूं शकलों, तर तो कॉइल विकूं शकत नाहीं.

आपल्या मुलखांतील विशेष कारणें

*उन्हाळा.* चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथें मे महिन्यांत पारा ४६ अंशांच्या वर गेल्याचें अनेक वेळां नोंदलें गेलें आहे. अशा दिवशीं भर दुपारीं इंजिनाजवळच्या नळींत पेट्रोलची वाफ होऊन बुडबुडा अडतो व धार तुटते. गाडी सावलींत उभी करावी, आणि नळी व कार्बोरेटर यांवर ओलें फडकें ठेवावें. तापलेल्या सिलिंडरवर मात्र पाणी ओतूं नये. ओतीव धातूस तडा जाण्याची भीति असते. कोळशाच्या व मुरमाच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनीं हवेची गाळणी, पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या मुदतींत तपासावी.

*पावसाळा.* पावसांत बंद पडणारी व ऊन पडलें कीं चालू होणारी गाडी बहुधा प्लगच्या टोपींत किंवा उच्च दाबाच्या तारेंत पाणी शिरल्यामुळें थांबते. टोपी काढून पुसावी. तिचें रबर चिरलें असल्यास बदलावें, थोड्या पैशांचें काम आहे. रपट्यावरून पाणी वाहत असतां गाडी घालूं नये, हें खरें तर सांगावें लागूं नये. तरी गाडी पाण्यांत बंद पडलीच, तर तेथें किक मारूं नये व बटणहि दाबूं नये. हवेच्या वाटेनें सिलिंडरांत पाणी शिरलें असेल तर तें दाबलें जात नाहीं, आणि आंतील दांडा वांकतो. बाहेर काढून, प्लग काढून, किकनें पाणी बाहेर पडूं द्यावें. मागाहून इंजिनाचें तेल पाहावें; तें ताकासारखें पांढरट दिसलें तर बदलल्यावांचून गाडी चालवूं नये.

*पेट्रोल.* आलापल्ली सोडून भामरागड किंवा एटापल्लीकडे गेल्यावर पंप दूर दूर असतात, आणि बाटलींतील पेट्रोलवर वेळ मारून न्यावी लागते. तें किती दिवसांचें आहे व कशांत साठविलें होतें, हें कळत नाहीं. आतां तर पेट्रोलांत ऊस, मका व तांदूळ यांपासून केलेला मद्यार्क मिसळलेला असतो. हें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा १० झालें, फेब्रुवारी २०२३ मध्यें शेंकडा २० मिश्रणाची विक्री सुरू झाली, आणि २०२५ सालीं देशभर तें प्रमाण गांठलें गेलें. शेतकऱ्याच्या मालास त्यामुळें गिऱ्हाईक मिळतें, ही गोष्ट चांगलीच. परंतु मद्यार्काचा गुण ओळखून वागलें पाहिजे. तो थोडें पाणी आपल्यांत सामावून घेतो. पाणी त्याहून अधिक झालें कीं पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलपासून निराळे होतात व टाकीच्या तळाशीं बसतात. कॉक तळाशींच असल्यामुळें इंजिनास नेमकें तेंच जातें. शिवाय जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या मद्यार्कानें मऊ पडून फुगतात किंवा चिरतात. तेव्हां टाकी पावसांत उघडी ठेवूं नये, गाडी महिनोगणती उभी राहणार असेल तर जुन्या पेट्रोलवर विसंबूं नये, आणि जुन्या नळ्या वेळींच बदलाव्या. बाटलींतील पेट्रोल घ्यावेंच लागलें तर तें कांहीं वेळ स्थिर ठेवून तळ पाहावा.

नव्या गाड्यांविषयीं

१ एप्रिल २०२० पासून देशांत नवीन प्रदूषण-मर्यादा लागू झाली, आणि त्यामुळें नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन जवळ जवळ सर्वत्र इंजेक्शनची रीत आली. टाकींतील विजेचा पंप पेट्रोल दाबानें पाठवितो व एक लहान गणकयंत्र त्याचें माप ठरवितें. या गाडीची नळी वाटेंत सोडूं नये. दाबलेलें पेट्रोल अंगावर उडतें व तापलेल्या इंजिनावर पडून पेट घेऊं शकतें. येथें परीक्षा कानानें करावी. किल्ली लावतांच टाकींतून दोन-तीन सेकंद गुंजारव ऐकूं येतो. तो आला नाहीं तर पंप, त्याचा फ्यूज किंवा बॅटरीची जोडणी पाहावी. बॅटरीची पकड सैल असेल तर खड्ड्यांत आदळतांच गाडी बंद पडते, आणि पाना एकदां फिरविला कीं रोग जातो. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा चालतांना पेटत असेल तर तो किती वेळ व कसा मिचकावतो, हें लिहून घ्यावें. पुष्कळ गाड्यांत तीच दोषाची सांकेतिक भाषा असते. पंप पेट्रोलांत बुडून थंड राहतो. म्हणून रोज टाकी तळास नेण्याची संवय या गाड्यांस बाधते. गाडी पडल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची सोयहि कांहींत असते. ती उभी करून किल्ली एकदां बंद करून पुन्हां लावली म्हणजे पुढें चालते.

नोंदवही

वरील सर्व लक्षांत न राहिलें तरी चालेल. परंतु एक वही ठेवावी. गाडी बंद पडली कीं त्याच दिवशीं पुढील सात गोष्टी लिहाव्या : तारीख व वेळ, ऊन, पाऊस कीं थंडी, टाकींत पेट्रोल किती व केव्हां भरलें, निघाल्यापासून किती अंतर झालें, वरील चार तऱ्हांपैकीं कशी थांबली, ठिणगी होती काय, आणि कशानें व किती वेळानें चालू झाली. तीन नोंदी झाल्या कीं त्या एकाखालीं एक वाचाव्या. जी गोष्ट तिन्हींत समान आहे, तिच्याकडे दोषाचें बोट असतें. तीन वेळां पाऊस होता, तर टोपी पाहा. तीन वेळां टाकी भरलेली होती, तर झांकण पाहा. तीन वेळां गाडी फार तापली होती व ठिणगी नव्हती, तर कॉइल व पल्सर पाहा. ही वही घेऊन मिस्त्रीकडे जावें. चांगल्या मिस्त्रीस ती आवडेल, कारण त्याचा अर्धा दिवस वांचेल. आणि ज्यास ती आवडणार नाहीं, त्याचें दुकान आपल्यास कळलें.

दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि पूर्वीं ज्या अंतरावर गाडी थांबत होती त्याच्या दुप्पट चालवून मगच पैसे चुकते करावे. बदललेली जुनी वस्तु मागून घ्यावी. दोन वस्तु एकदम बदलल्या तर कोणती खरोखर बिघडली होती, हें कधींच कळत नाहीं.

गाडीच्या पेटींत प्लगचा पाना, एक नवा प्लग, दोन फ्यूज, स्क्रू फिरविण्याचें हत्यार, बारीक तार, लहान कांचेची बाटली, फडकें व विजेरी एवढें असावें. सर्व मिळून दोन पिशव्या युरियापेक्षां अधिक खर्च येत नाहीं.

शेवटचें सांगणें

तपासणी करावी हें खरें, पण ती केव्हां करूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत वाघ व बिबटे आहेत, आणि ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडाकडून आलेले रानटी हत्तीहि गडचिरोलींत वावरूं लागले आहेत. तिन्हीसांजेस रानांतील रस्त्यावर एकट्यानें गाडीपाशीं खालीं बसून पाना चालवूं नये. वांकलेला किंवा बसलेला मनुष्य जनावरास मनुष्यासारखा दिसत नाहीं. पहिल्या दोन पायऱ्या उभ्यानें, दोन मिनिटांत होतात. तेवढ्यानें गाडी चालू झाली नाहीं, तर येणाऱ्या वाहनास हात करावा व गाडी तेथेंच सोडून गांव गांठावें. गाडी सकाळीं आणतां येते.

आणि आपण रस्त्यानें जात असतां अंधारांत कोणी किक मारीत उभा दिसला, तर थांबावें. दुरुस्ती येत नसेल तरी दिव्याचा उजेड तर देतां येईल. त्या बसचालकानें मला जें दिलें, तें साडेतीन हजार रुपयांत मिळालें नव्हतें. त्याचें नांव विचारावयाचें राहून गेलें. म्हणून जें शिकलों तें वाचक बंधूंच्या हवालीं करून हा लेख येथें पुरा करतों.